बेरीज चार की सहा?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

२०२१ साली माझ्या थोरल्या भावाच्या मानेत गाठ आली. बायोप्सीत निदान झाले, मँटल सेल लिम्फोमा. लिम्फोमा म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचाच कर्करोग. त्यातला हा विरळा प्रकार.

घरात सगळ्यांच्या मनात एकच प्रश्न होता, किती दिवस? त्यासाठी डॉक्टरांकडे एक हिशेब असतो. २००८ साली युरोपातल्या संशोधकांनी ४५५ रुग्णांच्या नोंदींवरून तो मांडला. त्याला 'मिपी' म्हणतात. वय, हिंडण्याफिरण्याची ताकद, पांढऱ्या पेशींची संख्या आणि एलडीएच, या चार गोष्टींना गुण द्यायचे. शेवटच्या दोन रक्तातल्या, साध्या तपासण्या.

एलडीएच हे शरीराच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत असणारे विकर. पेशी फुटली की ते रक्तात सांडते. गाठ झपाट्याने वाढते तेव्हा तिच्यातल्या पेशी मरतातही भराभर, म्हणून एलडीएच चढले की रोग जोरात आहे असा अंदाज बांधतात. पण कुठल्या पेशी फुटल्या हे ते सांगत नाही. यकृताच्या दुखण्यातही ते चढते.

मी तक्ता वहीत उतरवून घेतला आणि रात्री बेरीज केली. वय चौसष्ट, दोन गुण. हिंडणेफिरणे उत्तम, शून्य. पांढऱ्या पेशी नऊ हजार, एक. एलडीएच कमाल मर्यादेच्या दीडपटीहून जास्त, तीन. एकूण सहा. सहापासून जास्त धोक्याचा गट सुरू होतो. त्या अभ्यासात या गटाचा मध्यांक होता २९ महिने. भाभींना मी काही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पाहून विचारले, "रक्त काढताना त्रास झाला होता का?"

झाला होता. शीर सापडत नव्हती, तीनदा टोचले होते. रिपोर्टात पोटॅशियमही वाढलेले होते. नळीतच तांबड्या पेशी फुटल्या असाव्यात, त्यांच्यातले एलडीएचही मोजले गेले असेल, असे बाई म्हणाल्या. पुन्हा रक्त दिले. या खेपेला आकडा मर्यादेच्या जरा खाली, एकच गुण. बेरीज चार. मधला गट, मध्यांक ५१ महिने. माणूस तोच, गाठही तीच!

"आणि मध्यांक म्हणजे मुदत नव्हे," बाई म्हणाल्या. निम्मे रुग्ण त्याआधी गेले, निम्मे त्यापुढे जगले, काही तर पुष्कळ पुढे. शिवाय ते सारे जुन्या उपचारांवरचे. या रोगावरची इब्रुटिनिब ही गोळी अमेरिकेत मंजूर झाली तीच २०१३ मध्ये. रक्ताखेरीज गाठीतल्या पेशी किती वेगाने वाढताहेत तेही पाहतात. ते बायोप्सीतच कळते.

मग हा हिशेब कशासाठी? मुख्यतः नवे औषध तपासताना सारख्या धोक्याच्या रुग्णांची तुलना करता यावी म्हणून. माझ्यासारख्याने मध्यरात्री वही घेऊन बसावे म्हणून तो केलेला नाही.

भाऊ अजून तपासणीला जातो. रक्त काढणाऱ्या मुलाला आधीच सांगतो, "बेटा, उजवा हात धर. डाव्याची शीर सापडत नाही."