परदेशातून पार्थिव आणताना: ऐकीव काय, खरं काय

४ जून २०२४ रोजी रशियातल्या वेलिकी नोव्गोरोद इथं व्होल्खोव नदीत चार भारतीय वैद्यकीय विद्यार्थी बुडाले. त्यांत आपल्या जवळच्या जळगाव जिल्ह्यातली मुलं होती. शहादा तालुक्यात ब्राह्मणपुरीसारख्या गावात ज्या घरातलं पोर शिकायला किंवा कामाला परदेशात आहे, त्या घरात अशी बातमी नुसती वाचली जात नाही. असं काही घडलं की गावात सल्ले सुरू होतात, आणि त्यातले निम्मे चुकीचे असतात.

‘खासदारांचा फोन गेला की बॉडी दोन दिवसांत येते.’

फोन जरूर करावा, त्यानं दूतावास लवकर दखल घेतो. पण घोडं अडतं ते मृत्यू झालेल्या देशातच. तिथला रुग्णालयाचा दाखला, अपघात किंवा आत्महत्या असेल तर पोलिसांचा अहवाल, शवविच्छेदन, स्थानिक मृत्युनोंद हे सगळं झाल्यावरच भारतीय दूतावास पासपोर्ट रद्द करून ना-हरकत पत्र देतो. बुडून मृत्यू झाला असेल तर मृतदेह हाती लागेपर्यंत पुढचा एकही कागद हलत नाही. दुबईत नैसर्गिक मृत्यूचं काम काही दिवसांत उरकतं, सौदीत त्यालाच दोन-तीन आठवडे सहज लागतात. तिथली यंत्रणा आपल्या खासदाराला ओळखत नाही.

‘सगळा खर्च सरकार करतं.’

सरसकट नाही. आखातातल्या कामगाराच्या बाबतीत आधी मालकाकडे बघितलं जातं, विद्यार्थ्याच्या बाबतीत विम्याकडे. ईसीआर, म्हणजे कामाला जाण्याआधी सरकारी मंजुरी लागणाऱ्या, पासपोर्टवर रीतसर गेलेल्या कामगाराला प्रवासी भारतीय विमा योजना असते. तिच्यात अपघाती मृत्यूला १० लाख रुपयांचं संरक्षण आहे. यातलं काहीच नसेल आणि घरची परिस्थिती खरंच बेताची असेल, तर दूतावासाकडचा भारतीय समुदाय कल्याण निधी उपयोगी पडतो. तो २००९ पासून आहे, पण अर्ज केल्याशिवाय आणि परिस्थिती पटवून दिल्याशिवाय मिळत नाही. गावात वर्गणी गोळा करण्याआधी दूतावासाला एक ईमेल करावा, एवढं साधं काम बहुतेक घरांत राहून जातं.

‘घरच्या कुणाला तरी तिकडं जावंच लागतं.’

लागत नाही. जवळच्या वारसाचं संमतिपत्र आणि तिथल्या एखाद्या माणसाच्या किंवा कंपनीच्या नावानं अधिकारपत्र दिलं की पार्थिव सोबतीशिवायही येतं. फक्त घरातून एकाच्याच नावानं पत्र जाऊ द्या. पत्नीनं एकाला आणि भावानं दुसऱ्याला अधिकार दिला की काम तिथंच थांबतं.

इथली तयारी मात्र घरच्यांनाच करावी लागते. पार्थिव प्रवासी विमानातूनच येतं, पण माल म्हणून. त्यामुळे मुंबईत ते प्रवासी बाहेर पडतात त्या दारातून मिळत नाही, सहारच्या कार्गो संकुलातून घ्यावं लागतं. विमानतळ आरोग्य अधिकाऱ्यांची मंजुरी आता ‘ई-केअर’ पोर्टलवरून मिळते. ऑगस्ट २०२३ मध्ये ते सुरू झालं. कागद पुरे असतील तर ४८ तासांत मंजुरी द्यायची, असा त्यामागचा हेतू आहे. घेणाऱ्याचं नाव मालपत्रावर असतं तसंच ओळखपत्रावर असावं. पेटी लांब आणि जड असते, म्हणून गाडी मोठी सांगावी आणि उचलायला माणसं न्यावीत. पुढं रात्रभराचा रस्ता आहे. पेटीच्या आत बहुधा जस्ताचा पत्रा झाळलेला असतो. चितेवर ठेवण्याआधी तो कापावा लागतो, आणि पत्र्याची कात्री ऐन वेळी कुणाकडे सापडत नाही.

‘संशय असेल तर इथं आणून पुन्हा पोस्टमॉर्टेम करू.’

करता येतं, पण उशीर झालेला असतो. विमानात ठेवण्याआधी शव टिकवण्यासाठी त्यात फॉर्मालिनसारखी रसायनं भरतात, त्याला एम्बाल्मिंग म्हणतात. त्यानंतर विषबाधेच्या तपासणीचा भरवसा कमी होतो. शंका असेल तर ती एम्बाल्मिंगच्या आधी, दूतावास आणि तिथल्या पोलिसांना लेखी कळवावी.

‘तिकडं अग्नी देणं म्हणजे माणसाला वाऱ्यावर सोडणं.’

हा गैरसमजापेक्षा भावनेचा प्रश्न आहे, आणि त्यावर बाहेरच्यानं बोलू नये हे खरं. तरी पर्याय माहीत असावा. जिथं दहनाची सोय आहे तिथं अंत्यसंस्कार करून दहनाचा दाखला आणि दूतावासाच्या ना-हरकतीसह अस्थी आणता येतात. खर्च आणि वाट बघणं दोन्ही कमी होतं. सौदीत दहनाची सोय नाही, तिथं दफन करायचं किंवा पार्थिव आणायचं.

‘मृत्यूचा दाखला आपल्या ग्रामपंचायतीतून काढू.’

यात अनेक घरं पुढं वर्षभर अडकतात. मृत्यूची नोंद जिथं मृत्यू झाला तिथं होते, अंत्यसंस्कार गावात झाला म्हणून ग्रामसेवक ती करू शकत नाही. परदेशातल्या भारतीयाची नोंद तिथल्या भारतीय दूतावासात होते, आणि १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम २० मध्ये तिची तरतूद आहे. पार्थिव पाठवण्याच्या घाईत हा दाखला मागायचा राहतो. मग सातबाऱ्यावर वारस लावताना तलाठी, विमा कंपनी, बँक सगळेच तो मागतात. म्हणून ना-हरकत पत्राच्या अर्जाबरोबरच नोंदणीचा अर्ज द्यावा, दाखल्याच्या चार-पाच प्रती मागून घ्याव्यात, आणि तिथला स्थानिक दाखला इंग्रजीत नसेल तर त्याचं प्रमाणित भाषांतर तिथंच करून घ्यावं.