न येणाऱ्यांची यादी

एमबीएचं दुसरं सेमिस्टर संपलं की मुलं ‘एसआयपी’च्या मागे लागतात. एसआयपी म्हणजे समर इंटर्नशिप प्रोजेक्ट; सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात तो किमान आठ आठवड्यांचा असतो. आता यूजीसीने पदवीच्या मुलांनाही चौथ्या सेमिस्टरनंतर ६० ते १२० तासांची इंटर्नशिप आखून दिली आहे, त्यामुळे गर्दी वाढली. मोठ्या कंपन्यांच्या जागा मोजक्या, त्या हुशारांना आणि ओळखीच्यांना मिळतात. मार्केटिंग घेतलेल्या उरलेल्या मुलांना आपल्याच उपनगरातली एखादी लहान कंपनी गाठावी लागते, आणि त्यात जिम किंवा फिटनेस स्टुडिओ हमखास निघतो. मालक स्वतः एकेकाळचा ट्रेनर, खाली मेडिकलचं दुकान, वर पहिल्या मजल्यावर हॉल, दोन-तीन ट्रेनर, रिसेप्शनला एक मॅडम. मार्केटिंग खातं वगैरे काही नाही. इंटर्न आला किंवा आली की तेच खातं.

पहिल्या दिवशी हातात काय पडतं? बहुतेक ठिकाणी दोन गोष्टी. इन्स्टाग्रामचा पासवर्ड आणि नावं-नंबरांची एक एक्सेल शीट. पासवर्ड मिळाल्याने मुलं खूश होतात आणि शीट बघून कंटाळतात. या लेखाचा सगळा रोख असा की व्हायला हवं ते उलटं.

मुळात उन्हाळा हा जिमवाल्यांचा चमत्कारिक काळ. जानेवारीतला संकल्पांचा पूर कधीच ओसरलेला असतो. घरची मंडळी गावाला, लग्नांची धामधूम, दुपारी बाहेर पडवत नाही, आणि जूनचा पहिला पाऊस पडला की सकाळच्या बॅचमधले निम्मे पांघरुणातच. कॉलेजची सुट्टीवाली मुलं येतात खरी, पण एक-दोन महिन्यांपुरती. मालकाला नेमक्या याच दिवसांत माणसं हवी असतात, म्हणून तो इंटर्नला सांगतो, ‘लीड्स आण.’ मग सोसायटीच्या गेटवर कॅनॉपी लागते, पेपरात पॅम्फ्लेट टाकली जातात, ‘समर ऑफर’चं रील निघतं.

लीड येणं आणि माणूस येणं यांत अंतर किती, ते साध्या हिशेबाने बघू. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत. जाहिरातीवर दहा हजार रुपये घातले, शंभर जणांनी फॉर्म भरला. त्यातल्या चाळीस जणांनी फोन उचलला, वीस ट्रायलला आले, पाच जणांनी पैसे भरले. म्हणजे एक सभासद दोन हजारांना पडला. त्याने महिन्याची दोन हजार फी भरली आणि पुढच्या महिन्यात तो दिसला नाही, तर जिमला त्याच्याकडून काय मिळालं? एसी, लाइट आणि ट्रेनरचा पगार धरला तर उलट पदरचेच गेले. हे मालकाला पक्कं कळतं, म्हणून त्याचा जीव वर्षाच्या पॅकेजवर असतो. महिन्याला दोन हजार, वर्षाला बारा हजार अशी पाटी लावली की गिऱ्हाईक मनात भागाकार करतं आणि सहा महिने फुकट मिळाल्यासारखं वाटून बारा हजार मोजतं.

हा भागाकार माणसं किती चुकीचा करतात, यावर अर्थशास्त्रातला एक गाजलेला अभ्यास आहे. स्टेफानो डेलाव्हिन्या आणि उलरिके माल्मेंडियर या दोघांनी अमेरिकेतल्या तीन हेल्थ क्लबांमधल्या ७,७५२ सभासदांची तीन वर्षांची हजेरी तपासली आणि २००६ मध्ये निष्कर्ष छापले. ७० डॉलरच्या वर मासिक फी भरणारे लोक महिन्यातून सरासरी ४.३ वेळाच येत होते. म्हणजे दर खेपेला १७ डॉलरहून जास्त. त्याच क्लबात दहा खेपांचा पास होता, त्यात एक खेप दहा डॉलरला पडत होती. लेखाचं नावच त्यांनी ‘जिमला न जाण्याचे पैसे’ अशा अर्थाचं ठेवलं. माणूस फी भरतो ती आजच्या स्वतःसाठी नव्हे; पुढच्या महिन्यात पहाटे पाचला उठणारा जो एक शिस्तबद्ध गृहस्थ त्याच्या डोळ्यांसमोर असतो, त्याच्यासाठी भरतो.

यावरून लोक एक सोपा निष्कर्ष काढतात: जिमचा धंदा न येणाऱ्यांवर चालतो. तीस जण मावतील एवढ्या हॉलमध्ये चारशे जणांना सभासद करून घ्यायचं, कारण चारशेही एकदम येणार नाहीत. मोठ्या साखळ्यांच्या बाबतीत यात तथ्य आहे. पण लहान कंपनीच्या बाबतीत हा निष्कर्ष अर्धाच खरा, आणि तो अर्धेपणा कळणं हे इंटर्नच्या शिक्षणातलं सर्वांत मोलाचं. त्या अमेरिकी क्लबांमध्ये मासिक फी आपोआप कापली जात होती. लोक यायचे थांबल्यावरही सदस्यत्व रद्द करेपर्यंत सरासरी दोन महिन्यांहून जास्त काळ जात होता, आणि तेवढे पैसे क्लबला मिळत होते. आपल्याकडे उपनगरातल्या जिममध्ये वर्षाचे पैसे बहुतेक वेळा एकदम घेतले जातात. न येणारा माणूस एकदाच फायदा देतो. वर्ष संपलं की तो रिन्यूअल करत नाही, वर सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणी विचारलं तर ‘मी घेतली होती, काही उपयोग नाही’ असं लिहून मोकळा होतो. आणि दोन किलोमीटरच्या आत राहणारी, परवडणारी, व्यायामाचं मनावर घेणारी माणसं असतात किती? चार-पाच वर्षांत तोच परिसर संपतो.

शिवाय आगाऊ घेतलेले पैसे ही कमाई नसते, देणं असतं. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि महाराष्ट्रातल्या जिम थेट त्या वर्षीच्या दसऱ्याला, २५ ऑक्टोबरला उघडल्या. वर्षाची फी घेऊन आधीच खर्चून बसलेल्यांचे त्या सात महिन्यांत काय हाल झाले, हे त्या धंद्यातल्या कुणालाही विचारावं. मोठं नाव असूनही हा धंदा किती नाजूक असतो याचं उदाहरण तर आपल्या घरचंच आहे. १९३२ साली मुंबईत सुरू झालेलं तळवलकर्स २०१० मध्ये शेअर बाजारात आलं आणि दशक संपता संपता कर्जाच्या ओझ्याखाली बसलं.

आता इंटर्नच्या रोजच्या कामाकडे. ती शीट समोर घेऊन मुलगी स्वतःच्या मोबाइलवरून फोन लावायला बसते: ‘सर, जिममधून बोलतेय, आपली समर ऑफर चालू आहे.’ दिवसाला पन्नास कॉलचं टार्गेट. तिला कुणी सांगितलेलं नसतं की जाहिरातीचे कॉल साध्या दहा आकडी नंबरवरून करायला परवानगी नाही. त्यासाठी १४०ने सुरू होणारी मालिका आहे आणि नोंदणी लागते. ऑगस्ट २०२४ मध्ये दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने मोबाइल कंपन्यांना आदेश दिला की नोंदणी न करता असे कॉल करणाऱ्यांची जोडणी तोडा आणि त्यांना दोन वर्षांपर्यंत काळ्या यादीत टाका. परवा स्वतः चौकशी करून गेलेल्या माणसाला उलटा फोन करणं वेगळं, आणि तीन वर्षांपूर्वी गणपतीतल्या स्टॉलवर लकी ड्रॉची चिठ्ठी भरलेल्या काकांना करणं वेगळं. काकांनी १९०९वर तक्रार केली तर नंबर इंटर्नचा अडकतो, जिमचा नाही. विजेच्या खांबावर स्टिकर लावायला पाठवलं तरी तेच. सार्वजनिक मालमत्ता विद्रूप करण्याविरुद्ध राज्यात १९९५चा कायदा आहे आणि हातात गोंदाची बाटली असते ती त्या मुलाच्या.

पोस्टरवरच्या मजकुराचीही तीच गत. ‘फक्त आज’, ‘शेवटच्या तीन जागा’, आणि उद्याही तेच पोस्टर. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये ग्राहकाला फसवणाऱ्या १३ क्लृप्त्यांची यादी जाहीर केली. खोटी घाई निर्माण करणं त्यात पहिलंच. किंमत आधी कमी दाखवून पैसे भरताना ‘रजिस्ट्रेशन वेगळं, टॅक्स वेगळा’ असं वाढवत नेणं हेही त्याच यादीत. टॅक्सचं निघालंच आहे म्हणून सांगतो: २२ सप्टेंबर २०२५ पासून जिमवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. बारा हजारांवर २,१६० रुपये लागायचे तिथे आता ६०० लागतात. मात्र मालकाला भाड्यावर आणि मशीनवर भरलेल्या कराची वजावट आता मिळत नाही. त्यामुळे ‘कर कमी झाला तर फी का नाही कमी केली’ असं गिऱ्हाईकाने विचारलं की रिसेप्शनवर शांतता पसरते. दरपत्रक नव्याने करायला बसलेल्या इंटर्नने हा प्रश्न आधी मालकाला विचारून ठेवलेला बरा.

राहिली रील्स. परिसरातल्या एखाद्या इन्फ्लुएन्सरला तीन महिने फुकट व्यायाम करू द्यायचा आणि त्याने स्तुती करायची, हा सौदा सर्रास चालतो. पैसे दिले नसले तरी फुकट मिळालेली सेवा हाही मोबदलाच, आणि ती जाहिरात आहे असं स्पष्ट लिहावं लागतं. जाहिरात मानक परिषदेने, म्हणजे ‘आस्की’ने, २०२१ मध्येच तसे नियम केले, आणि २०२३ मध्ये आरोग्याबद्दल सल्ला देणाऱ्या इन्फ्लुएन्सरांनी आपली पात्रता सांगावी अशी भर घातली. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला ग्राहक संरक्षण प्राधिकरण पहिल्या वेळी दहा लाखांपर्यंत दंड करू शकतं. ‘महिन्यात दहा किलो’ लिहिताना हा आकडा डोळ्यांसमोर असावा. आणि कायद्याचं सोडा, मागे ट्रेडमिलवर घामाघूम झालेल्या मावशींना न विचारता रीलमध्ये घेतलं तर मावशी दुसऱ्या दिवसापासून येत नाहीत. त्यांची अख्खी भिशी येत नाही.

मग त्या शीटचं करायचं काय? मालकाला सांगून दुसरी यादी मागायची. बहुतेक जिममध्ये हल्ली बायोमेट्रिक हजेरी असते, नसेल तर रजिस्टर असतं. गेल्या पंधरा दिवसांत एकदाही न आलेले पण मुदत शिल्लक असलेले सभासद कोण, एवढंच त्यातून काढायचं. ही यादी लांबलचक निघते आणि मालकालाही ती बघवत नाही. या माणसांना फोन करायला जाहिरात लागत नाही, ऑफर लागत नाही. ‘काका, दिसला नाहीत, गुडघा दुखतोय का?’ एवढं पुरतं. कारणं ऐकून घ्यायची आणि लिहून ठेवायची. ट्रेनर बदलला, सातची बॅच बंद केली, पंखा चालत नाही, मुलीचं दहावीचं वर्ष आहे, बाकीचे सगळे तरुण आहेत म्हणून लाज वाटते. या नोंदींची वही मालकाच्या दृष्टीने कुठल्याही रीलपेक्षा जास्त किमतीची.

परत आणण्यावर भर द्यावा याला पुरावाही आहे. अमेरिकेतल्या ‘ट्वेंटीफोर अवर फिटनेस’ या साखळीच्या ६१,२९३ सभासदांवर कॅथरीन मिल्कमन आणि सहकाऱ्यांनी चार-चार आठवड्यांच्या ५४ वेगवेगळ्या युक्त्या करून पाहिल्या. निकाल २०२१ मध्ये ‘नेचर’मध्ये आले. सर्वांत प्रभावी ठरली ती युक्ती अशी: ठरलेला दिवस चुकवल्यानंतर जो परत येईल त्याला थोडे जादा गुण द्यायचे, आणि ते गुण म्हणजे रोख हिशेबात काही सेंट. खाडा झालेल्याला बोलणी न खाता परत यायची वाट मिळते, तिचा हा परिणाम असावा असं मला वाटतं. पण याच अभ्यासातला दुसरा आकडा लपवू नये. साधारण ४५ टक्के युक्त्यांनी हजेरी वाढवली; चार आठवडे संपल्यावर मात्र मोजता येण्याजोगा परिणाम फक्त आठ टक्के युक्त्यांचा उरला.

इथेच एसआयपीची मूळ अडचण आहे. इंटर्नशिप आठ आठवड्यांची आणि सभासद टिकला की नाही ते कळायला वर्ष लागतं. म्हणून अहवालात येतं काय, तर फॉलोअर किती वाढले, रीलला व्ह्यूज किती, लीड्स किती. त्यांचे रंगीत पाय-चार्ट. तोंडी परीक्षेत ‘यातले आज किती जण येतात?’ असं विचारलं की समोरून उत्तर येत नाही, आणि दोष एकट्या विद्यार्थ्याचा म्हणता येत नाही. स्टायपेंड लीड्सवर ठरलेला असतो, सर्टिफिकेट मालकाच्या सहीवर आणि इंटर्नल गाईडकडे तसेच आणखी वीस अहवाल पडलेले असतात. रुजू होतानाच स्टायपेंड ठरावीक आहे की टार्गेटवर, हे लेखी घ्यावं. तोंडी ‘बघू, काम बघून देऊ’ म्हणजे शेवटी प्रवासखर्चही सुटत नाही.

तरीही आठ आठवड्यांत एक गोष्ट नक्की मोजता येते, आणि ती सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. मागच्या उन्हाळ्यात ‘समर ऑफर’ बघून ज्यांनी वर्षाचं पॅकेज घेतलं, त्यांची मुदत नेमकी या वर्षीच्या इंटर्नच्या डोळ्यांसमोर संपत असते. रजिस्टरमधून ती नावं काढायची. शेवटचे कधी आले, एकूण किती दिवस आले, कुणी रिन्यूअल केलं. ज्यांनी केलं त्यांना कुणी आणलं होतं, पॅम्फ्लेटने, जाहिरातीने की शेजारच्या फ्लॅटमधल्या मैत्रिणीने, हे त्यांनाच विचारायचं. मागच्या इंटर्नने अहवालात ज्या योजनेचे चार्ट काढून गुण मिळवले होते, त्या योजनेची खरी गुणपत्रिका त्यात निघते. मालक ती बघून या वर्षीची ऑफर बदलतो की तेच पोस्टर तारीख बदलून पुन्हा छापायला टाकतो, हेही अहवालात लिहायला हरकत नाही.