चुन्याची निवळी आणि प्रवाळ

घरातल्या काचेच्या टाकीत खारे पाणी भरून जिवंत प्रवाळ पाळणारे हौशी लोक जगभर आहेत. प्रवाळ हा दगड नव्हे, प्राणी होय. आपला सांगाडा तो पाण्यातील कॅल्शियम व कार्बोनेट घेऊन बांधतो. समुद्राला ही उचल जाणवत नाही, टाकीला जाणवते.

पुष्कळजण कॅल्शियमच तेवढे मोजतात. खरी मेख अल्कतेत आहे. अल्कता म्हणजे पाण्याची आम्ल पचविण्याची शक्ती. ती मुख्यतः बायकार्बोनेटमुळे येते. समुद्राच्या एका लिटर पाण्यात कॅल्शियम सुमारे ४१० मिलिग्रॅम, तर अल्कता सुमारे २.३ मिलिइक्विव्हॅलंट असते. सांगाड्यासाठी २० मिलिग्रॅम कॅल्शियम लागले की १ मिलिइक्विव्हॅलंट अल्कता खर्ची पडते. म्हणजे कॅल्शियम उरले ३९० आणि अल्कता अवघी १.३! विटांचा ढीग तसाच, पण सिमेंट संपत आले. मग गवंड्याने भिंत चढवावी कशी?

यावर जुना उपाय चुन्याच्या निवळीचा. तीत दोन्ही द्रव्ये याच प्रमाणात मिळतात. मात्र पानाचा चुना नको. शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड शुद्ध पाण्यात कालवून वरची निवळीच घ्यावी. टाकीतून वाफ होऊन गेलेल्या पाण्याच्या जागी ती थेंबथेंब सोडावी. एकदम ओतल्यास पाण्याचा सामू भलताच चढतो, कॅल्शियम कार्बोनेटचा साका तळाशी बसतो आणि असलेलेही हातचे जाते.

एक गोष्ट ध्यानात असू द्यावी. आपल्याकडे २००१ पासून सर्व दगडी प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे छत्र आहे. तेव्हा मालवणचा प्रवाळ मालवणच्या समुद्रातच वाढू द्यावा.