रात्रीची मोटर आणि म्हातारपण

पुणे जिल्ह्यातल्या शिरूर-दौंडच्या वस्त्यांवर लांबून यंत्र चालवायची सोय आली ती आधी विहिरीवरच्या मोटरच्या पेटीत. घराची पाळी बरीच नंतर लागली. असं का झालं, हे इथल्या विजेला आणि पाण्याला ठाऊक आहे. शेतीपंपाची थ्री फेज लाईट आठवड्यातले काही दिवस रात्रीचीच असायची. त्यात कालव्याचं आवर्तन सुटलेलं, ऊस तहानलेला. पोरगा रांजणगावच्या नाहीतर कुरकुंभच्या एमआयडीसीत नाईट शिफ्टला. मग गुडघे धरलेला बाप उठायचा, बॅटरी घ्यायचा आणि बांधाबांधाने विहीर गाठायचा. तिथे गेल्यावर कळायचं, लाईट आलीच नाही. पुन्हा तासाभराने तीच फेरी.

अशाच फेऱ्यांतून पुण्यात एक यंत्र जन्माला आलं. अभियंता संतोष ओस्तवाल यांनी १९८१ च्या सुमारास आपल्या ८२ वर्षांच्या आजोबांची मध्यरात्रीची ही पायपीट पाहिली होती. ती त्यांच्या डोक्यातून गेली नाही. पुढे त्यांच्या ‘नॅनो गणेश’ने मोबाइल स्टार्टरला जोडला. घरून फोन लावायचा, आवाजावरून लाईट आहे की नाही ते ओळखायचं, बटण दाबून मोटर सुरू करायची. २००९ मध्ये नोकियाच्या स्पर्धेत या यंत्राला पुरस्कार मिळाला. त्याचं कौतुक शेतीची सुधारणा म्हणून झालं, तेही खरंच होतं. मला मात्र ते आधी एका थकलेल्या माणसासाठी केलेलं साधन वाटतं. ज्याला चालवत नाही त्याचं शेत त्याच्याच हातात राहावं, एवढ्यासाठी केलेलं.

पुढे असे मोबाइल स्टार्टर अनेकांनी काढले. आता बऱ्याच पेट्या मराठीत बोलतात. मोटर चालू झाली, फेज गेला, पाणी नाही, हे सगळं फोनवर ऐकू येतं. अक्षर न दिसणाऱ्या म्हाताऱ्याला याहून वेगळं काय हवं? मोटर लावायला कुणाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. सिमचा रिचार्ज संपला किंवा डीपी जळाला की पेटी मुकी होते, ते दुखणं आहेच. पिकाला पाण्याची दारं धरायला माणूस अजूनही लागतोच. पण नुसतं बटण दाबायला काळोखात उसातून जाणं टळलं. शिरूर तालुक्यात त्याची किंमत कुणाला सांगायला नको. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पिंपरखेड-जांबूत भागात बिबट्याने लहान मुलांचा आणि एका वृद्ध बाईचा जीव घेतला.

घरातली गोष्ट २०१६ नंतर हलली. जिओमुळे इंटरनेट स्वस्त झालं, २०१७ मध्ये अलेक्सा भारतात आली, २०१८ मध्ये गुगल असिस्टंट मराठी बोलू लागला. दृष्टी नसलेल्याला फोन पडद्यावरचं वाचून दाखवू लागला. अर्धांगाने एक बाजू गेलेल्याला नुसत्या बोलण्याने नातवाला फोन लावता येऊ लागला. आवाजावर चालणारे दिवे-पंखे मात्र मळ्यात फारसे टिकत नाहीत. लाईट गेली की वायफाय जातं, आणि लाईट तर जातेच. वस्तीवर खरा उपयोग होतो तो साध्या वस्तूंचा. अंगणापलीकडच्या संडासाच्या वाटेवर पाऊल पडताच पेटणारा सेन्सरचा बल्ब, रिमोटचा पंखा, उशाशी ठेवलेली बिनवायरची बेल. आजीने बेलचं बटण दाबलं की शेजारच्या खोलीत सून उठते. हाक मारायला आवाज फुटत नसला तरी चालतं.

सरकारही या काळात पुढे सरकलं. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात ते २१ झाले. २०१७ मध्ये राष्ट्रीय वयोश्री योजना आली. काठ्या, वॉकर, कानाची यंत्रं, चष्मे, कवळ्या गरीब ज्येष्ठांना शिबिरांतून मिळू लागल्या. २०२४ मध्ये राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना आली. त्यात ६५ वर्षांवरच्या, वर्षाला दोन लाखांच्या आत उत्पन्न असलेल्यांच्या खात्यावर ३००० रुपये जमा होतात. कमोड खुर्ची, कमरेचा पट्टा, फोल्डिंग वॉकर अशा वस्तूंसाठी ही रक्कम आहे. बेल आणि सेन्सरचा बल्ब दोन्ही मिळून या पैशांत सहज बसतात. शिबिराच्या टेबलावर वॉकरशेजारी तेही मांडले जावेत, आणि ते घरी येऊन बसवून देणारा गावातलाच एखादा वायरमन त्याच दिवशी नेमला जावा.