खडकातलं पाणी किती चौकोनांत मावतं?

शाळेच्या पुस्तकातलं भूजलाचं चित्र आठवा. वर हिरवी जमीन, एखादं झाड, एक विहीर आणि खाली सलग निळा पट्टा. पाथर्डी तालुक्यातल्या तिसगावच्या शिवारात या चित्रावर भरवसा ठेवणं महागात पडतं. दोनशे फुटांवर बोअर कोरडा गेला तरी माणूस म्हणतो, अजून शंभर फूट मारू, पाणी खालीच असणार.

खाली बेसाल्ट आहे, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर. माती, मुरूम, फुटका खडक आणि मग काळा पाषाण, हा क्रम विहीर खोदलेल्या कुणालाही तोंडपाठ असतो. पाणी राहतं ते मुरमात आणि भेगांत. किती? दहा बाय दहा चौकोनांचा आलेखाचा कागद घ्या. भूजलाच्या सरकारी अंदाजात बेसाल्टमधून हाती लागणारं पाणी खडकाच्या आकारमानाच्या साधारण 2 टक्के धरतात. म्हणजे शंभरांतले दोनच चौकोन निळे. तेही एका जागी नव्हेत, बारीक रेघांत विखुरलेले आणि बहुतेक वरच्या भागात. वाळूमिश्रित गाळात हेच चौकोन सोळा होतात. पुस्तकातला निळा पट्टा शोभला तर तिकडे.

आलेखातही अशीच फसगत होते. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. जमिनीपासून पाण्यापर्यंतची खोली नेहमीसारखी खालून वर मांडली, तर मे महिन्यात रेघ शिखरावर जाते आणि टंचाई सुबत्तेसारखी दिसते. म्हणून शून्य वर ठेवायचा आणि आकडे खाली उतरवत न्यायचे. विहिरीत वाकून पाहणाऱ्याला ते समजावून सांगावं लागत नाही.

मला सर्वांत उजवं वाटतं ते टँकरचं माप. एक हेक्टरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 10 हजार लिटर, एक मोठा टँकर. हजार हेक्टरच्या गावात 100 मिलिमीटर पडला की एक लाख टँकर! पण झिजलेल्या बेसाल्टात पावसाचे सरासरी 7 टक्केच मुरतात, असं धरलं जातं. लाखातले रंगवायचे फक्त सात हजार. तिसगावच्याच जिल्ह्यातल्या हिवरे बाजारात, जिथे पोपटराव पवार 1989 मध्ये सरपंच झाले, पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे ठेवतात आणि कोणती पिकं घ्यायची ते त्यावरून ठरतं. शेतीसाठी बोअर मारायला तिथे बंदीच आहे.