केटीएम ३९० म्हणजे ३९० सीसी नव्हे! नारंगी गाड्यांच्या नावांचं गणित नेमकं काय?

हसनाबाद (ता. भोकरदन) : काळ्या मातीच्या पाणंद रस्त्याने पावसाळ्यात गाडी न्यायची म्हणजे परीक्षाच. अशा रस्त्यांसाठी अनेक तरुणांची नजर केटीएमकडे वळते. पण शोरूममध्ये ड्यूक, अॅडव्हेंचर, एन्ड्युरो आर अशी नावं ऐकली की गोंधळ होतो. तिन्हींवर ‘३९०’ लिहिलेलं, तरी तिघींचं काम वेगळं. तीन लाखांच्या घरातली खरेदी चुकू नये, म्हणून ही नावं समजून घ्या.

केटीएमचा अर्थ काय?

ऑस्ट्रियातील मॅटिगहोफेन गावात हान्स ट्रुंकनपोल्झ यांनी १९३४ मध्ये दुरुस्तीचं वर्कशॉप सुरू केलं. १९५३ मध्ये अर्न्स्ट क्रोनराइफ भागीदार झाले आणि ‘आर १००’ ही मोटारसायकल आली. क्रोनराइफ, ट्रुंकनपोल्झ आणि मॅटिगहोफेन यांची आद्याक्षरं म्हणजे केटीएम. कंपनीचं नाव झालं ते चिखल-वाळूच्या शर्यतींमुळे. डकार रॅलीत २००१ ते २०१९ या काळात मोटारसायकल गटाचं विजेतेपद दरवेळी केटीएमकडेच होतं.

चाकणचा संबंध कसा आला?

कंपनी १९९१ मध्ये दिवाळखोरीत गेली, पुढे नव्या मालकांकडे उभी राहिली. २००७ मध्ये बजाज ऑटोने तिचे १४.५ टक्के शेअर घेतले. त्यानंतर पुण्याजवळच्या चाकणमध्ये छोट्या इंजिनांच्या गाड्या बनू लागल्या. २०१२ मध्ये ‘२०० ड्यूक’ भारतात विक्रीला आली आणि जानेवारी २०२३ मध्ये चाकणमधून १० लाखावी केटीएम बाहेर पडली. नोव्हेंबर २०२४ मध्ये केटीएम पुन्हा दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. तेव्हा बजाजने पैसा ओतला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये कंपनीचा ताबा घेतला.

आकडा काय सांगतो?

साधारण इंजिनाचा आकार, पण तो तंतोतंत नसतो. जुन्या ‘३९०’चं इंजिन ३७३ सीसीचं होतं, तर २०२३ मध्ये आलेल्या नव्या ३९० ड्यूकचं सुमारे ३९९ सीसी. ‘१२९०’ सुपर ड्यूकचं १३०१ सीसी! हा फरक खिशाला लागतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवर १८ टक्के, तर त्यापुढे ४० टक्के जीएसटी आहे. म्हणून टाकीवरचा आकडा नव्हे, कागदावरचा सीसी पाहा.

अक्षरं काय सांगतात?

ड्यूक : डांबरी रस्त्यावरची गाडी, दोन्ही चाकं १७ इंची.
आरसी : शर्यतीच्या बाइकसारखी, पुढे वाकून चालवायची.
अॅडव्हेंचर : लांबचा प्रवास आणि अधूनमधून कच्चा रस्ता.
एन्ड्युरो आर : कच्च्या वाटांसाठी. पुढचं चाक २१, मागचं १८ इंची.
एसएक्स आणि ईएक्ससी : परदेशात गाजलेल्या खऱ्या ऑफ-रोड गाड्या. पहिली मोटोक्रॉस शर्यतीसाठी, दुसरी एन्ड्युरोसाठी. नावापुढे ‘एफ’ असेल तर इंजिन फोर-स्ट्रोक.

पुढचं चाक मोठं का?

मोठं चाक खड्ड्यात कमी शिरतं आणि दगडावर सहज चढतं. पण त्यासोबत गाडीची उंचीही वाढते. म्हणून एन्ड्युरो आरवर बसून दोन्ही पाय जमिनीला टेकतात का, हे आधी तपासा. चिखलात गाडी कलली की पायाचाच आधार असतो.

थोडक्यात, घर ते कॉलेज डांबरी रस्ता असेल तर ड्यूक पुरते. शेतवस्तीपर्यंत रोज कच्चा रस्ता असेल, तर आधी चाकं, मग उंची आणि शेवटी आकडा, हाच क्रम ठेवा. मित्राच्या गाडीवर ‘३९०’ आहे, एवढ्यावर बुकिंग करू नका.