जुन्या मोटारीस विजेचा पंखा : तार कोठून न्यावी

आपल्या संघाच्या सभासदांपैकीं कांहीं कुटुंबांत जुनी अँबॅसिडर गाडी अद्यापि जपून ठेविलेली आहे. उत्तरपाडा येथील कारखान्यांत या गाडीचें उत्पादन 2014 सालीं थांबलें. तरी लग्नकार्य, बाजार व दवाखाना यांसाठीं ती अजून धांवते. चैत्र-वैशाखांत घाट चढतांना, किंवा बाजाराच्या गर्दींत अडकून पडली असतां, तिचें पाणी उकळूं लागतें, ही नेहमींची तक्रार. त्यावर उपाय म्हणून पुष्कळ जण विजेचा पंखा बसवून घेतात. पंखा बसविणें कठीण नाहीं. चुकते ती तार. आणि तार चुकली म्हणजे इंजिन थंड ठेवावयास निघालेला मनुष्य गाडीसच आग लावून घेतो.

मूळचा पंखा पाण्याच्या पंपाच्या पुलीवर बसविलेला असून पट्ट्यानें फिरतो. इंजिन मंद चाललें कीं पंखाहि मंद. अर्थात् गाडी उभी असतां, जेव्हां समोरून वारा मुळींच मिळत नाहीं, तेव्हांच तो दुबळा पडतो. विजेच्या पंख्यास ही अडचण नाहीं. मात्र रेडिएटरांत गाळ सांचला असेल, थर्मोस्टॅट अडकला असेल किंवा पट्टा ढिला असेल, तर प्रथम तें दुरुस्त करावें. गाळावर वारा घालून कांहींच साधत नाहीं.

आतां मुख्य गोष्ट. आमच्या तालुक्यांतील एका बागाइतदारांनीं पंख्याची तार मिस्त्रीकडून थेट डॅशबोर्डावरील बटणांतून नेऊन घेतली होती. तार दिव्याला वापरतात तशी बारीक. घाटांत पंखा वीस मिनिटें चालला आणि डॅशबोर्डाखालून धूर निघाला. घरची मंडळी गाडींत होतीं. बॅटरीची तार वेळेवर सुटली म्हणून निभावलें.

असें कां व्हावें, याचा हिशेब सोपा आहे. 12 व्होल्टांवर असा पंखा सुमारें 10 अँपिअर प्रवाह घेतो. सुरू होण्याच्या क्षणीं याच्या दुपटी-तिपटीनें. अर्धा चौरस मिलिमीटर तांब्याची तार चार मीटर फिरवून आणली, तर तिच्यांतच सुमारें दीड व्होल्ट खर्ची पडतो. म्हणजे पंखा मंद फिरतो, आणि चौदा-पंधरा वॅटांची उष्णता तारेंतच निर्माण होते. त्याच तारेची जाडी अडीच चौरस मिलिमीटर केली, तर ही घट पाव व्होल्टाच्या आसपास राहते. शिवाय जुन्या गाडींतील बटण इतक्या प्रवाहासाठीं केलेलें नसतें. त्याचे संपर्क जळतात.

यावर उपाय रिले. शेतकरी वाचकांस ती वस्तु नवी वाटूं नये. विहिरीवरील पंपाच्या स्टार्टरचें हिरवें बटण दाबतांना मोटारीचा सारा प्रवाह आपल्या बोटाखालून जात नाहीं. बटणानें आंतील कॉइल जागी होते आणि ती जाड संपर्क जुळविते. मोटारगाडींतील रिले हेंच काम करते. तिच्या कॉइलला एक अँपिअरचा पांचवा हिस्साहि पुरत नाहीं. (कचेरींत सही साहेबांची आणि ओझें शिपायाच्या डोक्यावर, असा आमचा जन्माचा अनुभव, येथें मात्र ती वांटणी योग्य आहे.)

रिलेच्या टोंकांवर आंकडे कोरलेले असतात. बॅटरीपासून जाड तार 30 या टोंकास आणावी. तिच्यावर 20 अँपिअरचा फ्यूज बसवावा, आणि तो बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आंत असावा. फ्यूज पलीकडे पंख्याजवळ लावला, तर मधली सारी तार निराधार राहते. 87 पासून तितकीच जाड तार पंख्यास न्यावी. पंख्याच्या दुसऱ्या टोंकाची तारहि तितकीच जाड असावी, व ती रंग खरवडून स्वच्छ केलेल्या चॅसीच्या लोखंडावर आवळावी. 86 ला इग्निशनकडील तार द्यावी, म्हणजे किल्ली काढल्यावर पंखा अकस्मात् फिरून कोणाचीं बोटें कापणार नाहीं. 85 थर्मोस्विचांतून अर्थिंगला न्यावें. हा स्विच साधारणतः 92 अंशांवर जुळतो व 87 अंशांवर सुटतो. तो रबरी नळीच्या मधील धातूच्या जोडांत बसविला असेल, तर त्या जोडास स्वतंत्र अर्थिंग द्यावें. रबरांतून वीज जात नाहीं, आणि हीच चूक वारंवार आढळते.

कांहीं जुन्या गाड्यांत बॅटरीचें धन टोंक चॅसीस जोडलेलें असतें. तेथें पंखा नेहमींप्रमाणें जोडला, तर तो उलटा फिरून वाऱ्यास विरोध करील. म्हणून आधीं बॅटरी पाहावी.

डायनॅमोचाहि विचार हवा. तो वेगांत 20-22 अँपिअर देतो, परंतु इंजिन मंद असतां जवळजवळ कांहींच देत नाहीं. आणि पंख्याची गरज नेमकी तेव्हांच. रात्रीं पुढचे दिवे, इग्निशन व पंखा मिळून ती सारी कमाई संपते. ज्या गाडीस डायनॅमो आहे, तिला आधीं आल्टरनेटर बसवावा व मग पंखा, असें माझें स्पष्ट मत आहे. तसेंच पंखा रेडिएटरच्या पुढें, मागें वारा ढकलणारा, असा घ्यावा. मग पट्ट्यावरचा पंखा काढावा लागत नाहीं, आणि विजेचा बंद पडला तरी गाडी सांवकाश घरीं येते.

काम झाल्यावर गाडी उभी ठेवून इंजिन चालवावें व पंखा आपोआप सुरू होतो कीं नाहीं तें पाहावें. नंतर पंधरा मिनिटें चालू देऊन प्रत्येक जोडास व फ्यूजच्या तारेस हात लावून पाहावा. पंख्याच्या टोंकांवरील व्होल्ट आणि बॅटरीवरील व्होल्ट यांत अर्ध्याहून अधिक अंतर आढळल्यास, कोठें तरी जोड गंजला आहे किंवा तार अजून बारीक आहे असें समजावें, आणि तें शोधल्यावांचून गाडी घाटांत नेऊं नये.